फ्रीजमध्ये वाढलेलं पोटॅशियम

सहा महिन्यांपूर्वी ४.४. मंगळवारी ६.१. बुधवारी सकाळी ६.६, आणि त्याच दुपारी रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात ४.३. पोटॅशियमचे हे चारही आकडे (मिलिमोल प्रति लिटर) एकाच पेशंटचे आहेत. मधले दोन दवाखान्यात घेतलेल्या रक्ताचे होते, आणि त्या दोन आकड्यांवर औषध बंद झालं, धावपळ झाली, मॉनिटरवर एक रात्र गेली. प्रकरण प्रातिनिधिक आहे. संध्याकाळी रक्त घेणाऱ्या आणि सकाळी ते लॅबला पाठवणाऱ्या कुठल्याही दवाखान्यात हे असंच घडू शकतं.

पेशंट ५८ वर्षांच्या बाई. रक्तदाबासाठी रोज टेल्मिसार्टन ४० मिग्रॅ. मधुमेह नाही, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारा आकडा) ०.८, तक्रार काहीच नाही. वर्षातून दोनदा होणारी नेहमीची तपासणी म्हणून सोमवारी संध्याकाळी ६:३० ला रक्त घेतलं. पिवळ्या झाकणाची जेलची ट्यूब, जांभळी ट्यूब आणि साखरेसाठी राखाडी ट्यूब. मंगळवारी रिपोर्टमध्ये पोटॅशियम ६.१. टेल्मिसार्टनच्या गटातली औषधं पोटॅशियम वाढवतात हे प्रत्येक डॉक्टरला माहीत असतं, त्यामुळे आकडा पटण्याजोगा होता. डॉक्टरांनी ईसीजी काढला. तो नॉर्मल होता. गोळी बंद केली आणि २४ तासांच्या आत पुन्हा तपासणी सांगितली. यात चुकीचं काही नाही, पुस्तकातली पायरी आहे. बाई कामावरून सुटून ५:१५ ला आल्या, रक्त दिलं. बुधवारी उत्तर आलं ६.६.

एकदा वाढलेलं पोटॅशियम कदाचित खोटं असेल, दोनदा वाढलेलं खरंच असणार, असं आपण धरून चालतो. पण दुसरा नमुना पहिल्याच वाटेने गेला असेल, तर तो पहिल्याची तीच चूक घेऊन येतो. ६.५ च्या वर तीव्र हायपरकॅलेमिया (रक्तात वाढलेलं पोटॅशियम) धरतात, म्हणून बाईंना थेट रुग्णालयात पाठवलं. तिथे उपचार सुरू करण्याआधी ब्लड गॅस मशीनवर आणि लॅबला असे दोन नमुने घेतले. ४.३ आणि ४.४. पोटॅशियम उतरवणारं इन्सुलिन-डेक्स्ट्रोज लावायच्या तयारीत असलेल्या टीमने हात आखडता घेतला, हे बरं झालं. ४.३ पोटॅशियमच्या माणसाला ते दिलं असतं तर साखर आणि पोटॅशियम दोन्ही खाली गेले असते.

संशयितांची छाननी

आधी एक गोष्ट. पोटॅशियम खोटं वाटतंय म्हणून पेशंटला घरी ठेवून लॅबशी वाद घालत बसू नये. ईसीजी नॉर्मल असला तरी खरं हायपरकॅलेमिया नाकारता येत नाही. पेशंटला सुरक्षित जागी पोचवायचं आणि मग ट्यूबमागे लागायचं. इथे तोच क्रम पाळला गेला.

लॅबने दोन्ही जुन्या ट्यूब अजून टाकल्या नव्हत्या. खोट्या पोटॅशियमची कारणं मोजकी असतात आणि प्रत्येक कारण रिपोर्टमध्ये आपली खूण ठेवून जातं. ती खूण शोधायची.

पहिला संशय जांभळ्या ट्यूबवर. तिच्यातलं ईडीटीए, म्हणजे रक्त गोठू न देणारं रसायन, हे पोटॅशियमचं मीठ असतं. जांभळी आधी भरून मग पिवळी भरली, किंवा पिवळीत रक्त कमी पडलं म्हणून झाकण काढून जांभळीतलं थोडं ओतलं, की पोटॅशियम चढतं. (हे ओतणं खरोखर चालतं, आणि विचारल्यावर कुणी कबूल करत नाही.) पण ईडीटीए कॅल्शियम पकडून ठेवतं, आणि मॅग्नेशियम-झिंक पकडल्यामुळे अल्कलाइन फॉस्फटेज या एन्झाइमचा आकडाही पाडतं. म्हणजे पोटॅशियम आभाळाला आणि कॅल्शियम तळाला, असं चित्र दिसायला हवं. राखाडी ट्यूबमध्ये पोटॅशियम ऑक्झलेट असेल तर तिच्याकडूनही असाच गोंधळ होतो. बाईंचं कॅल्शियम ९.४ मिग्रॅ, अल्कलाइन फॉस्फटेज ७८. ईडीटीए सुटलं.

दुसरा हिमोलिसिसवर, म्हणजे लाल पेशी फुटण्यावर. बारीक सुई, सिरिंजचा दट्ट्या जोरात ओढणं, सिरिंजमधलं रक्त सुईतूनच ट्यूबमध्ये दाबून सोडणं, स्पिरिट वाळायच्या आत सुई टोचणं, ट्यूब हलक्या हाताने उलटीसुलटी करण्याऐवजी खळखळून हलवणं, या सगळ्याने लाल पेशी फुटतात. लाल पेशीच्या आत पोटॅशियम बाहेरच्यापेक्षा वीसपटीहून जास्त असतं, त्यामुळे थोड्या पेशी फुटल्या तरी आकडा हलतो. पण पेशी फुटली की पोटॅशियमबरोबर हिमोग्लोबिनही बाहेर येतं आणि सिरम (रक्त गोठल्यावर वेगळा होणारा पिवळसर द्रव) गुलाबी होतं. ढोबळ हिशेब असा की लिटरमागे १ ग्रॅम हिमोग्लोबिन मोकळं झालं तर पोटॅशियम साधारण ०.३ ने वाढतं. इथे वाढ २ च्या आसपास आहे. म्हणजे सहा-सात ग्रॅम हिमोग्लोबिन हवं, आणि तेवढं असेल तर सिरम गडद लाल दिसेल. ट्यूब उजेडाकडे धरली तर वर फिकट पिवळं, पारदर्शक सिरम, मधे जेलचा सरळ थर, खाली गुठळी. यंत्राचा हिमोलिसिस इंडेक्सही सगळ्यात खालच्या पायरीवर. हाही सुटला.

मूठ आणि पट्टा यांचं काय? पट्टा बांधून पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावली की हाताच्या स्नायूंतून पोटॅशियम बाहेर पडतं. त्याने १ मिलिमोलपर्यंत, कधी त्याहूनही जास्त वाढ होते. बाईंची नस ठळक आहे, पट्टा एका मिनिटाच्या आत सोडला होता. तरी मूठ वळवायला लावली नसेल असं छातीठोक सांगता येत नाही, पण दोन दिवस लागोपाठ दोनाच्या आसपास वाढ एवढ्यावरून होत नाही. प्लेटलेट पाच लाखांच्या वर असत्या तर गुठळी होताना त्यांनी सोडलेलं पोटॅशियम सिरममध्ये दिसलं असतं. त्या २ लाख ४० हजार. पांढऱ्या पेशी ७,२००. ही दारंही बंद.

उरलं एकच कारण: ट्यूब किती वेळ आणि कुठे पडून होती. यातली अडचण अशी की हे कारण रिपोर्टमध्ये जवळजवळ काहीच खूण ठेवत नाही. बारकाईने पाहिलं तर सोडियम रुग्णालयात १४० आणि दवाखान्याच्या नमुन्यात १३७, एवढंच. १३७ बघून कुणाच्या भुवया उंचावणार?

दवाखान्यात नेमकं काय झालं

लॅबमधल्या बायोकेमिस्टनी फोन लावला. "सिस्टर, ट्यूब फिरवून ठेवली होती का?"

"नाही सर, मशीन बंद आहे ना आठवड्यापासून. पण जेलचीच ट्यूब होती, आणि लगेच फ्रीजमध्ये ठेवली. बाहेर नाही ठेवली हो अजिबात."

सगळं प्रकरण या दोन वाक्यांत आहे. सिस्टर हलगर्जी नव्हत्या, उलट जास्तच काळजी घेत होत्या.

दवाखान्यात एक छोटं सेंट्रिफ्यूज आहे, म्हणजे ट्यूब वेगाने फिरवून सिरम आणि पेशी वेगळ्या करणारं मशीन. लॅबचा माणूस नमुने न्यायला सकाळी आठ ते दहाच्या दरम्यान आणि दुपारी एकला येतो. संध्याकाळचे नमुने दवाखान्यातच फिरवून, सिरम जेलच्या वर वेगळं करून, मग फ्रीजमध्ये ठेवले जात. ही पद्धत बिनचूक होती. आठ दिवसांपूर्वी सेंट्रिफ्यूजच्या झाकणाचं लॉक बिघडलं, मशीन दुरुस्तीला गेलं, आणि पद्धतीतली फिरवण्याची पायरी गळाली. पुढची पायरी, फ्रीज, तशीच राहिली. नियम कुठे लिहिलेलाच नव्हता, सवयीत होता. त्यामुळे मधली पायरी निघाल्यावर शेवटची पायरी चालते का, हा प्रश्न कुणाला पडायचं कारणच नव्हतं.

त्यात जेलबद्दलचा गैरसमज. जेलची ट्यूब आपोआप काही वेगळं करत नाही. न फिरवलेल्या ट्यूबमध्ये जेल तळाशी गोळा होऊन बसलेलं असतं. त्याची घनता सिरमपेक्षा जास्त आणि पेशींपेक्षा कमी ठेवलेली असते, म्हणून सेंट्रिफ्यूजच्या जोराखाली ते सरकतं आणि दोघांच्या मधे जाऊन बसतं. तोपर्यंत ती ट्यूब साध्या लाल ट्यूबसारखीच: गुठळी आणि सिरम रात्रभर एकमेकांना चिकटून.

सोमवारची ट्यूब अशी १४ तास राहिली, लॅबमध्ये मंगळवारी ८:३० ला फिरली. मंगळवारची ट्यूब बुधवारी १०:४५ ला, म्हणजे साडेसतरा तासांनी. दुसरा आकडा पहिल्यापेक्षा जास्त का, याचं उत्तर त्या साडेतीन तासांत आहे. गोळी बंद केल्यावरही पोटॅशियम वाढतंय असं जे वाटलं, ते शरीरात वाढत नव्हतं, फ्रीजच्या दारातल्या कप्प्यात वाढत होतं.

थंडीत पेशी फुटत नाही, गळते

लाल पेशीच्या भिंतीत सोडियम-पोटॅशियम पंप असतो. तीन सोडियम बाहेर टाकायचे, दोन पोटॅशियम आत ओढायचे, असं त्याचं अखंड काम. पोटॅशियम आपल्या उतारावरून सतत बाहेर झिरपत असतं आणि पंप ते सतत परत भरत असतो. पंपाला ऊर्जा लागते. लाल पेशीत मायटोकॉन्ड्रिया नसल्यामुळे ती फक्त साखर मोडून मिळते. ट्यूब ४ अंशांवर गेली की साखर मोडणं मंदावतं आणि पंप जवळपास थांबतो. झिरपणंही थोडं कमी होतं, पण चालू राहतं. तासागणिक पोटॅशियम सिरममध्ये जमत जातं आणि तेवढ्याच वाटेने थोडं सोडियम पेशीत शिरतं. म्हणून सोडियम १३७. भिंत शाबूत असल्यामुळे हिमोग्लोबिन आतच राहतं, सिरम स्वच्छ दिसतं, आणि हिमोलिसिस पाहून नमुना नाकारणारी लॅबची चाळणी त्याला हसतमुखाने आत सोडते.

खोलीच्या तापमानाला गोष्ट उलटी. पंप चालू असतो. पहिले काही तास पोटॅशियम किंचित कमीही होऊ शकतं. साखर मात्र भराभर संपते, न फिरवलेल्या रक्तात तासाला साधारण ५ ते ७ टक्के. साखर संपली की पंपही थकतो आणि मग पोटॅशियम चढायला लागतं. यावरून एक व्यवहारातली गोष्ट निघते. "नमुना उशिरा फिरवला असेल तर साखर कमी दिसेल" ही खूण अनेकांच्या डोक्यात पक्की असते. ती बाहेर राहिलेल्या ट्यूबला लागू पडते. फ्रीजमधल्या ट्यूबमध्ये साखर बऱ्यापैकी टिकते, आणि ती टिकलेली पाहून आपण नमुना ताजा समजतो. शिवाय बाईंची साखर राखाडी ट्यूबमधून, साखर मोडू न देणाऱ्या फ्लोराइडवर केली होती, म्हणजे ती खूण इथे दिसायची शक्यताच नव्हती.

खात्रीसाठी बाईंच्या संमतीने पुढच्या आठवड्यात एकाच टोचणीत तीन पिवळ्या ट्यूब घेतल्या, प्रत्येकी साडेतीन मिली. पहिली ४५ मिनिटांनी फिरवली. दुसरी न फिरवता २४ अंशांच्या खोलीत, तिसरी न फिरवता फ्रीजमध्ये, दोन्ही १६ तास. पहिलीत पोटॅशियम ४.३, साखर ९६. दुसरीत पोटॅशियम ४.४, पण साखर ४१. तिसरीत पोटॅशियम ६.४, साखर ८४, सोडियम पहिलीपेक्षा ३ ने कमी. तिन्ही सिरम शेजारी ठेवले तर रंगात फरक नाही.

मग न फिरवलेली ट्यूब बाहेर ठेवणं बरं का? पोटॅशियमपुरतं बरं, बाकीच्यांसाठी नाही. दोन तासांत फिरवण्याला पर्याय नाही, आणि ही सोय नसेल तर ते रक्त त्या वेळी घेऊच नये.

लॅबला का कळलं नाही

कारण ट्यूबवर रक्त घेतल्याची वेळ नव्हती. लेबलवर वेळ छापलेली होती, पण ती लेबल छापल्याची वेळ होती. दवाखान्यात संध्याकाळच्या ट्यूबवर पेनाने नाव लिहून ठेवत आणि सकाळी लॅबचा माणूस आला की संगणकावर नोंद करून छापील लेबल चिकटवत. लॅबच्या दृष्टीने नमुना सकाळी ८ चा, फिरवला ८:३० ला. आदर्श!

या सवयीत पोटॅशियमपेक्षा मोठा धोका दडलेला आहे. फ्रीजमध्ये रात्रभर फक्त पहिलं नाव लिहिलेल्या ट्यूब, ओलाव्याने पुसट झालेली शाई, आणि सकाळी घाईत लेबल लावणारं माणूस वेगळंच. एकाच नावाच्या दोन पेशंटचं रक्त अदलाबदल व्हायला आणखी काय लागतं? या दवाखान्यात तसं झाल्याचं आढळलं नाही, पण झालं असतं तर कळलंही नसतं. लेबल पेशंट खुर्चीत असतानाच, रक्त घेतल्यानंतर आणि पेशंटने स्वतःचं पूर्ण नाव व जन्मतारीख सांगितल्यावर लावायचं. आधीच लेबल लावून ठेवलेल्या रिकाम्या ट्यूबही तितक्याच वाईट, कारण त्या दुसऱ्याच पेशंटसाठी उचलल्या जातात. आणि नाव "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही. कमी ऐकू येणारा किंवा घाबरलेला माणूस त्यालाही हो म्हणतो.

बाकीचे पाच आकडे

मशीन बंद असलेल्या आठ दिवसांत संध्याकाळी घेतलेले आणि पोटॅशियम मागवलेले असे एकूण सात नमुने निघाले. त्यातले दोन या बाईंचे. उरलेल्या पाच पेशंटपैकी तिघांचे आकडे ५.८ ते ६.२ होते, एकाचा ५.२, एकाचा ४.८. दवाखान्यात दोन डॉक्टर आळीपाळीने बसतात आणि प्रत्येकाने आपापला रिपोर्ट सुटा पाहिला, त्यामुळे संध्याकाळचेच आकडे का चढतायत हे कुणाच्या लक्षात आलं नाही. एका पेशंटची स्पायरोनोलॅक्टोन (हेही पोटॅशियम वाढवणारं औषध) अर्धी केली होती, दुसऱ्याला पोटॅशियम कमी असलेला आहार लिहून दिला होता. लॅबमध्येही रोज शेकडो नमुन्यांत एका दवाखान्याचा एखादाच वाढलेला आकडा हरवून जातो.

सगळ्यांना बोलावून पुन्हा रक्त घेतलं. वाढलेले तिघे ३.९ ते ४.५ मध्ये आले. ५.२ वाले ३.४ वर.

आणि ४.८ वाले २.८ वर.

हे ६६ वर्षांचे गृहस्थ, रक्तदाबासाठी क्लोरथॅलिडोन घेणारे. पायांत गोळे येतात आणि जिना चढताना मांड्यांतली ताकद जाते, म्हणून रक्त तपासलं होतं. हे औषध पोटॅशियम उतरवतं, डॉक्टरांचा संशय बरोबर होता. रिपोर्टमध्ये ४.८ दिसल्यावर तो संशय मागे पडला आणि पायांतल्या गोळ्यांसाठी साधं वेदनाशामक दिलं गेलं. फ्रीजने भरून दिलेल्या दोन मिलिमोलनी खरी कमतरता झाकून टाकली होती. ईसीजीमध्ये टी लहरी सपाट झालेल्या, यू लहरी दिसू लागलेल्या. औषध थांबवून तोंडाने पोटॅशियम क्लोराइड दिलं आणि मॅग्नेशियमही तपासलं, कारण तेही कमी असेल तर पोटॅशियम भरून निघत नाही. आठवड्याने ३.७.

या प्रकरणाचं नाव घेताना सगळे ६.६ चीच गोष्ट सांगतात. ६.६ ने निदान घंटा तरी वाजवली. ४.८ वर कुणी बोट ठेवलं नसतं. अशी चूक सापडली की वाढलेलेच आकडे पुन्हा तपासून थांबायचं नाही. त्या काळातले नॉर्मल दिसणारे रिपोर्ट आधी हातात घ्यायचे.

आता तिथे काय चालतं

सेंट्रिफ्यूज दुरुस्त होऊन आलं तेव्हा तेही तपासलं. ते आधीपासून मिनिटाला २,००० फेऱ्यांवर ठेवलेलं होतं, "जास्त वेगाने मशीन लवकर खराब होतं" म्हणून. फेऱ्या म्हणजे जोर नव्हे. जोर त्रिज्येवरही अवलंबून असतो. सूत्र सोपं आहे: १.११८ गुणिले त्रिज्या (सेंटीमीटरमध्ये) गुणिले फेऱ्यांचा वर्ग, भागिले एक लाख. या मशीनची त्रिज्या १२ सेंमी. २,००० फेऱ्यांना जोर येतो सुमारे ५४० जी, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या ५४० पट. जेलच्या ट्यूबला १,००० ते १,३०० जी लागतात. ३,००० फेऱ्यांना १,२०० च्या आसपास येतो, तो बरोबर. वेळ १० मिनिटं, तिरक्या कप्प्यांचं मशीन असेल तर १५. इतके दिवस जेलचा थर अधूनमधून तिरका, एका बाजूने फट ठेवणारा का होत होता, याचं कोडंही सुटलं.

फिरवण्याआधी ट्यूब पाच वेळा हळू उलटी करून ३० मिनिटं उभी ठेवायची, जेल नसलेल्या साध्या लाल ट्यूबला एक तास. रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांना जास्त वेळ लागतो. गुठळी पुरती व्हायच्या आत फिरवलं तर सिरममध्ये फायब्रिनचे धागे राहतात आणि लॅबच्या यंत्राची नळी तुंबते. फिरवून झाल्यावर जेलचा थर सलग आहे ना ते बघायचं. नसेल तर वरचं सिरम ड्रॉपरने दुसऱ्या लेबल लावलेल्या ट्यूबमध्ये काढायचं. जेलची ट्यूब दुसऱ्यांदा फिरवायची नाही. जेलखाली अडकलेला, पेशींनी पोटॅशियम सोडलेला द्रव त्याने वर येतो, म्हणजे पुन्हा तीच चूक वेगळ्या दाराने. ट्यूब आत फुटल्याचा आवाज आला तर मशीन बंद करून अर्धा तास झाकण उघडायचं नाही, उडालेले थेंब खाली बसू द्यायचे.

सिस्टरांच्या मनातला मूळ नियम होता "उशीर होणार असेल तर थंड ठेवा". तो कुठून आला? लघवीच्या बाटलीवरून, आणि तिथे तो शंभर टक्के खरा आहे. कल्चरची (जंतू वाढवून बघण्याच्या तपासणीची) लघवी दोन तासांत लॅबला जात नसेल तर फ्रीजमध्येच ठेवली पाहिजे, २४ तासांपर्यंत चालते, नाहीतर जंतू बाटलीतच वाढतात. तिथे जंतूंना झोपवायचं असतं. रक्ताच्या ट्यूबमध्ये पंपाला जागं ठेवायचं असतं. म्हणून फ्रीजच्या दारावर एकच नियम न लिहिता नमुन्यानुसार कागद लावला:

फ्रीजमध्ये चालेल: फिरवलेलं सिरम. कल्चरची लघवी. एचबीए१सी ची जांभळी ट्यूब.

फ्रीजमध्ये कधीच नाही: न फिरवलेली पिवळी किंवा लाल ट्यूब. ब्लड कल्चरच्या बाटल्या. पीटी-आयएनआरची निळी ट्यूब (थंडीत गोठण्याचे काही घटक आपोआप जागे होतात आणि आकडा बिघडतो). वीर्याचा नमुना. अमीबा बघायचं ताजं शौच, त्यातला हलणारा अमीबा थंडीत थांबतो आणि मग ओळखू येत नाही.

कागदाच्या तळाशी तिसरी ओळ जाड अक्षरांत: लस या फ्रीजमध्ये नाही, जेवणाचा डबाही नाही.

सीबीसीची जांभळी ट्यूब दोन्हीकडे २४ तास टिकते, म्हणून तिच्यावर वाद घालत कुणी बसलं नाही. फक्त स्लाइड बघायची असेल तर ती काही तासांतच काढायची.

रक्त घेण्याचा क्रमही भिंतीवर आला: ब्लड कल्चर, निळी, पिवळी, हिरवी, जांभळी, राखाडी. या प्रकरणात क्रम चुकलेला नव्हता, पण छाननीत त्याला निर्दोष ठरवायला अर्धा दिवस गेला. लेबलवर आता रक्त घेतल्याची वेळ हाताने लिहितात आणि फिरवल्याची वेळ तिच्याखाली. लॅबने आपल्या बाजूने एक गोष्ट केली: या दोन वेळा नसतील तर त्या ट्यूबवर पोटॅशियम लावायचंच नाही, बाकीच्या तपासण्या करायच्या आणि दवाखान्याला फोन करायचा. सुरुवातीचे काही दिवस फोन बरेच झाले, कुरबुरही झाली.

मशीन बंद पडल्यास काय करायचं तेही कागदावर आहे. पोटॅशियम मागवलेलं असेल तर संध्याकाळी रक्त घ्यायचं नाही. पेशंटला दुसऱ्या दिवशी दुपारी १२ ची वेळ द्यायची, म्हणजे एकच्या फेरीत ट्यूब बाहेरच्या तापमानाला, उभी, दोन तासांच्या आत लॅबमध्ये फिरते. थांबण्याजोगं नसेल तर पेशंटलाच रुग्णालयात पाठवायचं.

बाईंची टेल्मिसार्टन रुग्णालयातून घरी जाताना पुन्हा सुरू झाली. दहा दिवसांनी दुपारी घेतलेल्या आणि ४० मिनिटांनी फिरवलेल्या नमुन्यात पोटॅशियम ४.५ आलं. दोन महिन्यांनी एका संध्याकाळी वीज गेली आणि सेंट्रिफ्यूज बंद राहिलं. सिस्टरांनी तीन पेशंटना फोन करून उद्या बाराला यायला सांगितलं. तिघे आले: ४.१, ४.६, ३.९.